आईने माझी भातुकली मोडीत घातली, आता काय करू?

पत्र

ताई, नमस्कार. मी 45 वर्षांची, डोंबिवलीत राहते, माहेर मिरजेचं. लहानपणी माझ्याकडे पितळेची भातुकली होती, आजीने पंढरपूरहून दर वारीला थोडी थोडी करून आणलेली, बंब, शेगडी, परात, सोऱ्या, सगळं. मी पाचवीत जाणार त्या मे महिन्यात मामाकडे गेले होते आणि आईने घरातल्या मोठ्या पितळी भांड्यांबरोबर माझी भातुकलीपण मोडीत घातली आणि स्टीलचा पिठाचा डबा घेतला. मला विचारलंसुद्धा नाही. वर डब्यावर माझं नाव घालून आणलं, जसं काही बक्षीसच. लग्नात तो डबा देत होती, मी घेतला नाही, एवढा थोरला डबा आता कोण वापरतं. अजून तिच्याकडेच आहे. मागच्या महिन्यात भाच्याच्या मुंजीत विषय निघाला आणि सगळ्यांसमोर मी आईला बोलून गेले, तुला कधी कशाची किंमतच नव्हती म्हणून. ती गप्प बसली. आता फोनवरही तुटक बोलते, तिचं वय 74. ऑनलाइन अगदी तसाच सेट दिसलाय 14,500 रुपयांना, घेऊ का? नवरा म्हणतो वेड लागलंय. त्याचं आणखी एक दुखणं म्हणजे मी आमच्या मुलीचं (वय 11) काहीच टाकत नाही, माळ्यावर 9 खोके झालेत. पण मला तिच्यावर ही वेळ येऊ द्यायची नाहीये. काय करू?

मिरजेची लेक

उत्तर

अगं मिरजेच्या लेकी, आधी हे सांगून टाकते की तुझा राग खरा आहे आणि तो चुकीचा ठरवायला मी बसलेली नाहीये. वस्तू तुझी होती, तुझ्या आजीने तुला दिलेली होती, आणि तू गावाला गेलेली असताना गेली. दहा वर्षांच्या पोरीला घरात स्वतःचं म्हणावं असं असतं तरी काय, फ्रॉक धाकटीला जातो, पुस्तकं शेजारच्या मुलीला जातात, दप्तर पुढच्या वर्षी कुणाचं तरी, भातुकली तेवढी आपली असते. त्यामुळे "एवढं काय त्यात" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस, त्यात तुझा नवरापण आला.

पण मुंजीत बोललीस ते नको होतं बोलायला, तेही भरल्या मांडवात, जिथे तिला उलट बोलता येणार नाही आणि उठून जाता येणार नाही.

या सदराकडे अशी पत्रं खूप येतात बरं का. कुणाचे चांदोबाचे बांधून घेतलेले अंक रद्दीत गेले, कुणाचा पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम चुलतभावाने लांबवला, कुणाच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांचं खोकं घर बदलताना टेम्पोतच राहिलं, कुणाची गोट्यांची बरणी, कुणाचे ट्रम्प कार्ड. आणि दहातल्या आठ पत्रांत आरोपी एकच, आई. बाबा असलेच तर फक्त रद्दीच्या केसमध्ये. पुण्यातल्या जुन्या लोकांना विचारलंस तर ते नुसतं "ते पानशेतात गेलं" म्हणतात आणि विषय संपतो, 12 जुलै 1961 ला धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतल्या घरांतलं सगळं गेलं, भांडी काय, फोटो काय, खेळणी काय. तिथे कुणाला जाब विचारणार. तुझ्याकडे मात्र जाब विचारायला माणूस आहे, समोर बसलेलं, आणि म्हणूनच हे प्रकरण पस्तीस वर्षं धुमसत राहिलंय. त्यातली चांगली बाजू अशी की उत्तर द्यायलाही ते माणूस अजून आहे, आणि तू अजून एकदाही नीट विचारलेलं नाहीस, फक्त टोमणा मारलास.

आता जरा तो काळ बघू, कारण तुझ्या पत्रात त्या मोडीचा उल्लेख एका ओळीत येतो आणि माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. तेव्हा पितळ वापरणं म्हणजे काय होतं हे तुला आठवत असेल थोडंफार. रोज चिंच आणि राख घेऊन काथ्याने घासायचं, तरी दुसऱ्या दिवशी काळं. कल्हई गेली की ताक कळकायचं, आमटी टाकून द्यावी लागायची. मग कल्हईवाल्याची वाट बघा, तो आला की बोळात भाता लावून बसणार, नवसागराचा धूर, कापसाच्या बोळ्याने आत कथील फिरवणार, पोरं भोवती गोळा, बघायला छानच वाटायचं, पण पैसे मोजणाऱ्या बाईला त्यात काही मजा नव्हती. आणि हळूहळू ते कल्हईवालेही यायचे कमी झाले. दुसरीकडे स्टेनलेस स्टील आलं. तमिळनाडूत सेलमला सरकारी स्टेनलेस स्टीलचा कारखाना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला चालू झाला, बाजारात माल वाढला, आणि सांगली, मिरज, कराड कुठेही जा, भांड्यांच्या दुकानाच्या दारात स्टीलचे डबे उतरंडीसारखे रचलेले दिसायला लागले. घासलं की चकाचक, आंबट चालतं, कल्हई नाही, गंज नाही. महाग होतं, रोखीने घेणं कुणाला झेपत नव्हतं, म्हणून मोड. भांडेवाला तराजूत घालणार, लोखंडी कड्या काढायला लावणार, वर घट धरणार, मोडीच्या भावाने हिशोब करणार आणि तेवढ्याचं स्टील पदरात. त्या दहा-वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांतून किती पितळ असं गेलं असेल, हंडे, घंगाळं, तपेली, वेळण्या, आणि बहुतेक बायकांना ते देताना सुटल्यासारखंच वाटलं असणार. आज आपण तेच घंगाळ हॉलमध्ये कुंडी म्हणून ठेवायला चढ्या भावाने विकत घेतो आणि म्हणतो की त्यांना किंमत नव्हती. त्यांना किंमत चांगली माहीत होती गं, किलोवर माहीत होती.

तुझंच वाक्य परत वाच, "घरातल्या मोठ्या पितळी भांड्यांबरोबर". ती मोठी भांडी कुणाची होती? मला तरी वाटतं त्यातली निम्मी तुझ्या आईला तिच्या माहेरहून आलेली असणार, तिच्या आईने दिलेली घागर, रुखवतातलं काहीतरी. म्हणजे त्या दिवशी तराजूत फक्त तुझं नाही, तिचंही पडलं. भातुकली तशी वजनाला किती भरली असेल, किलो दीड किलो. डब्याला तेवढं कमी पडत असेल आणि तिने मुलीचा खेळ उचलून तराजूत टाकला असेल, किंवा तिला वाटलं असेल पोरगी आता पाचवीत गेली, खेळायची थोडीच. हे सगळं माझे अंदाज आहेत. तिला विचारलंस तर कळेल.

आणि तो डबा. मी पत्र वाचताना इथे थांबलेच. त्या काळात डब्यावर मुलीचं नाव घालायचं म्हणजे बक्षीस वगैरे काही नसतं. भांड्यावर नाव घालतात ते ते भांडं कुणाचं हे ठरवायला, चार घरी कार्याला भांडी जातात आणि परत येतात म्हणून. मुलीच्या नावाचं भांडं म्हणजे ते तिच्याबरोबर सासरी जाणार, तिच्या संसाराच्या यादीत ते लागलं. दहा वर्षांच्या पोरीच्या लग्नाची भांडी तेव्हापासून जमवायला घ्यायच्या आया, वर्षाला एक-दोन, जसं जमेल तसं. म्हणजे तुझी भातुकली तिने स्वतःच्या हौसेला घातली नाही, तुझ्याच नावावर जमा केली, न विचारता केली हे खरं, पण नाव तुझंच घातलं. आणि लग्नात ती तो द्यायला आली तर तू घेतला नाहीस. चिडू नकोस, पण आज आईकडे जी एक वस्तू आहे जिच्यात तुझ्या आजीच्या भातुकलीचं पितळ हिशोबाने का होईना उतरलंय, ती तू स्वतःच नाकारलीस. तो डबा आण. पीठ नको भरूस वाटलं तर नको भरू, तांदूळ भर, नाहीतर त्या 9 खोक्यांतलं काहीतरी त्यात ठेव. नाव आणि त्याखाली तारीख वगैरे घातली असेल तर बघ, बऱ्याचदा घालतात, तेव्हा मशीन नसेल तर छिन्नीने टिंबं टिंबं करत काढलेलं असतं, बोटाला लागतं.

आईशी बोलायचं कसं, तर फोनवर अजिबात नको. मिरजेला जा, दोन दिवस राहा, मुलीला घेऊन जा. पहिल्या दिवशी काही काढू नकोस. आधी मुंजीतलं साफ कर, सरळ म्हण, "आई, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं माझं". पुढे "पण" जोडू नकोस. मग दुपारी कधीतरी डबा खाली काढ आणि विचार की हा घेतला तेव्हा काय काय दिलं होतं गं मोडीत. "माझी भातुकली का दिलीस" असं विचारलंस तर ती बचावाला उभी राहील, "काय काय दिलंस" विचारलंस तर ती आठवायला लागेल, कुठलं दुकान, कोण बरोबर होतं, घासाघीस किती केली, घागरीवर कुणाचं नाव होतं. ते सगळं ऐकून झालं की मग तुझं सांग, एकदाच आणि पूर्ण. मामाकडून आल्यावर फळीवर हात घातला आणि काही नव्हतं, मला तेव्हा कुणी विचारलं नाही याचं वाईट वाटतं अजून, एवढंच. ती सॉरी म्हणेलच असं धरून जाऊ नकोस. त्या पिढीतल्या बायका सॉरीच्या जागी शिरा करतात. ती "तेव्हा नड होती" म्हणाली तर ते खरं मान. आणि "मला नाही बाई आठवत" म्हणाली तर तेही मान, 74 वर्षांच्या बाईला एका मे महिन्यातलं सगळं आठवलंच पाहिजे असं नाही.

आता तुझा 14,500 चा सेट. नको घेऊस, निदान मिरजेहून परत येईपर्यंत तरी नको. एक तर "अगदी तसाच" हे तू फोटोवरून ठरवलंयस, आणि तुझी आठवण दहा वर्षांच्या मुलीच्या हाताच्या मापाची आहे, खोकं उघडल्यावर सगळं एकतर फार लहान वाटेल नाहीतर फार नवं. दुसरं म्हणजे जुनं म्हणून विकलं जातं ते सगळं जुनं नसतं. मुरादाबादला पितळेचं काम प्रचंड चालतं, आणि नवीन पितळ मुद्दाम काळवंडवून त्याला अँटिक म्हणणं अवघड नाही. वापरलेल्या वस्तूची झीज जिथे हात लागतो तिथे असते, कडीच्या भोकाशी, तोटीच्या पिळाशी, बुडाच्या कडेला, आणि बनावट मालाला सगळीकडे सारखा काळेपणा असतो. आधी पैसे पाठवा म्हणणाऱ्याला तर रामराम ठोक. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदीविक्रीत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांना कमिशन आणि टॅक्सच्या नावाखाली लुबाडत होते तेव्हा 2021 मध्ये बँकेला स्वतः जाहीर सांगावं लागलं की आमचा याच्याशी काही संबंध नाही, तर भातुकलीच्या व्यवहारात तुला कोण वाली.

आणि खरंच मन अडकलं असेल तर सेट नको, एक नग घे. माझं मत विचारशील तर बंब. भातुकलीतला बंब ही काय चीज असते, वीतभर उंची, मधून वरपर्यंत गेलेली नळी, त्यात घरच्या चुलीतले दोन निखारे कुणी मोठ्याने घालून दिले तर पाणी खरंच कोमट व्हायचं, खाली राखेची जाळी, बाजूला करंगळीच्या नखाएवढी तोटी आणि ती फिरायचीसुद्धा. बाकीची भांडी दिसायला खरी, हा खरोखर चालायचा. पुण्याला गेलीस तर तुळशीबागेत हाताने फिरवून बघून घे, तोटी फिरत नसेल तर घेऊ नकोस, तो शोपीस झाला.

पुण्याचं निघालंच आहे तर मिरजेहून येताना आईला घेऊन बाजीराव रोडवरच्या केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी हे सगळं जमवलं आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय केलं, पुढे सरकारला देऊन टाकलं, 20,000 च्या वर वस्तू आहेत. त्यातला मोठा भाग म्हणजे घरातल्या अगदी साध्या वस्तू, दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, भांडी, जे बाकीचे लोक मोडीत घालत होते तेच हा माणूस दारोदार जाऊन आणत होता. तिथे काचेसमोर तू पाटी वाचत बसशील आणि तुझी आई पाटी न वाचता सांगेल की हे कशाला वापरायचे आणि कुणाकडे होतं. मुलीलाही बरं, तिला आजी एरवी फक्त "जेवलीस का" विचारणारी म्हणून माहितीये.

राहिले 9 खोके. इथे मी नवऱ्याच्या बाजूची आहे, अर्धी. विनिकॉट नावाचे एक ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, त्यांनी 1950 च्या दशकात लहान मुलांच्या त्या एका लाडक्या वस्तूबद्दल लिहिलंय, चिंधी, गोधडी, कापडी बाहुली जे काही असेल ते. ती वस्तू मूल स्वतः निवडतं, आईबाप नाही, आणि शहाण्या आया ती कळकट झाली तरी धुवायची घाई करत नाहीत. पुढे मूल मोठं होतं तशी ती वस्तू आपोआप बाजूला पडते, त्याचा शोक होत नाही. तुझी भातुकली बाजूला पडायच्या आत काढली गेली, माझ्या मते तुझं दुखणं ते आहे. मग त्यावर इलाज मुलीचं सगळं साठवणं हा कसा होईल? तिच्या 9 खोक्यांत काय असेल ते मी न बघता सांगते, नर्सरीपासूनची सर्टिफिकेटं, मेडल, फॅन्सी ड्रेसचे मुकुट, क्राफ्टची पाकिटं, म्हणजे तुला अभिमान वाटलेल्या वस्तू. तिला जी पाहिजे ती कदाचित तिच्या उशीच्या अभ्र्यात आहे, किंवा तू गेल्या दिवाळीत फाटली म्हणून टाकलीस.

तिला विचार. 11 वर्षांची आहे, सांगता येतं तिला. खोके एकेक करून खाली काढा, तीच बसून निवडेल, तू शेजारी बस आणि "अगं हे तर तुझं पहिलं..." असं सुरू करू नकोस. एक पत्र्याची ट्रंक घ्या, तिच्यात मावेल ते राहील आणि किल्ली तिच्याकडे. ज्याचं नक्की ठरत नाही ते एका खोक्यात घालून वर्षभर माळ्यावर, पुढच्या मे महिन्यात परत बघा. बाकी द्यायचं त्याचे आधी फोटो काढा. हे मी उगाच नाही सांगत, अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात 2017 च्या एका अभ्यासात वसतिगृहातल्या मुलांना सांगितलं होतं की भावना गुंतलेल्या वस्तू देण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा, तर त्या मुलांनी जास्त वस्तू सोडल्या. आठवण जाईल ही भीती असते, वस्तूचं तेवढं नसतं बऱ्याचदा. फोटोत नुसती वस्तू नको, ती हातात घेऊन उभी राहिलेली मुलगी पाहिजे, दहा वर्षांनी माप कळतं.

आणि ठेवायचं ते टिकेल असं ठेव, डोंबिवलीच्या पावसाळ्यात खोक्यातलं अर्धं तसंही मरतं. रबराची आणि मऊ प्लास्टिकची खेळणी चिकट होतात आणि शेजारच्या वस्तूला धरतात, ती वेगळी गुंडाळ. मेणाचे खडू चित्रांबरोबर ठेवू नकोस. चित्रांना सेलोटेप लावलेला असेल तर तो पिवळा पडून कागद खातो, आत्ताच हलक्या हाताने काढ. स्केचपेनचा रंग उडतो, त्या चित्रांचे फोटो पहिले काढ. कपडे आणि बाहुल्या घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्यास तर दमट होऊन बुरशी येते, जुन्या सुती साडीत गुंडाळ. कागदाला कसर लागते, तिथे वर्षातून दोनदा उघडून वारा देण्याला पर्याय नाही.

नवऱ्याला एवढंच सांग की हे सगळं होईपर्यंत माळ्यावरचं काही परस्पर द्यायचं नाही, भंगारवाल्याला नाही आणि सोसायटीच्या वॉचमनच्या मुलांनाही नाही, मुलीला विचारल्याशिवाय एक पझलचा तुकडासुद्धा नाही. आणि या रविवारी त्यालाच शिडी देऊन वर पाठव, जेवढी म्हणून बॅटरीवरची खेळणी आहेत त्यातले सेल काढून टाकू दे, सेल गळले की आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात आणि मग ते खेळणं ठेवलं काय आणि टाकलं काय.